मासळीच्या पेटीतलं रेकॉर्डिंग

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच तुटायला लागला, की तो आधी माईक बदलतो. माईक बदलून तुटणं थांबत नाही तेव्हा वायर बदलतो. मग साऊंड कार्ड, मग हेडफोन, मग भिंतीवर चिकटवलेले अंड्यांचे ट्रे उपटून त्या जागी महागडा फोम. सगळं बदलून झालं आणि टकटक तशीच राहिली, की संगणक रिक्षात घालून तो श्रीवर्धनला माझ्या दारात येतो. आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मशीन एकदम नवीन आहे." मशीन नवीन कधीही नसतं.

श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, तळा ह्या पट्ट्यात अशी गिऱ्हाइकं असतात तरी किती, अशी शंका शहरातल्या वाचकाला येईल. पुष्कळ असतात. कुणी कोळीगीतं करतो, कुणी भीमगीतं, कुणी भजनं. गणपतीच्या आधी महिनाभर तर प्रत्येक आळीत एक संगीतकार तयार होतो. ज्याला ह्यातलं काहीच येत नाही तो पॉडकास्ट करतो. पूर्वी गाणं यायचं आणि रेकॉर्डिंगची सोय नव्हती. आता सोय प्रत्येक घरात आहे.

माझी नोकरी मुंबईतल्या एका वृत्तकक्षात झाली. काम बातम्या लिहिण्याचं नव्हतं. बातमीदारांनी आणलेले आवाज ज्या यंत्रांवर साठत ती यंत्रं चालू ठेवण्याचं होतं. बातमीदार कुणा मंत्र्यापुढे माईक धरून परत यायचा आणि म्हणायचा, "मधलं एक वाक्य उडालंय, तेवढं काढून द्या." जे वाक्य यंत्रात शिरलंच नाही ते यंत्रातून काढता येत नाही, हे त्याला दर वेळी नव्याने सांगावं लागे. निवृत्त होऊन गावी परतल्यावर हे बोलणं संपेल असा अंदाज होता. तो चुकला. तीच मागणी आता नारळी-पोफळीच्या वाडीतून येते.

धंदा काय आहे, ते बाहेरच्यांसाठी थोडक्यात. माईकमधून आलेल्या आवाजाचे संगणक बारीक बारीक तुकडे करतो आणि ते ओळीने हार्ड डिस्कवर लिहून ठेवतो. आवाज नळाच्या धारेसारखा येत राहतो, तो कुणासाठी थांबत नाही. हार्ड डिस्क मात्र थांबत थांबत लिहिते. म्हणून दोघांच्या मध्ये एक बादली ठेवलेली असते, तिला बफर म्हणतात. धार बादलीत पडते, डिस्क बादलीतून उपसते. डिस्क मंद झाली की बादली भरून वाहते. सांडलं ते गेलं. कानाला ते टक असं ऐकू येतं, किंवा क्षणभर काहीच ऐकू येत नाही.

डिस्क मंद होण्याची कारणं साधी असतात. ती गळ्यापर्यंत भरलेली असते, जुनी झालेली असते, तापलेली असते, किंवा त्याच वेळी दुसरा एखादा प्रोग्रॅम तिला कामाला जुंपत असतो. जुन्या डिस्कमध्ये फिरती तबकडी आणि तिच्यावर हिंडणारा काटा असतो. नवीन प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं आणि ती कितीतरी वेगवान असते. ती माईकपेक्षा स्वस्त मिळते. तरीही लोक माईकच घेतात. माईक फोटोत दिसतो.

दिवेआगरच्या एका घरगुती लॉजवाल्याने पाहुण्यांसाठी 'स्टुडिओ' काढला होता. समुद्र बघायचा, मासे खायचे आणि गाणं रेकॉर्ड करून घरी न्यायचं, अशी योजना. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये सकाळी आणि संध्याकाळी धाड असा आवाज यायचा. वाडीला पाणी सोडायचा पंप आणि स्टुडिओ एकाच लाईनवर होते. पंप सुरू झाला की दिवे मंद व्हायचे आणि साऊंड कार्ड दचकायचं. "पंपाचा आणि गाण्याचा संबंध काय, काका?" त्याने विचारलं. वायर एकच आहे, हा संबंध त्याला पटला नाही. त्याने माईक बदलला.

तळ्याच्या एका मास्तरांच्या संगणकात तीन अँटीव्हायरस होते. एकाने सोडलेला चोर दुसऱ्याने धरावा, असा हिशेब. तिघेही दिवसभर एकमेकांची झडती घेत होते आणि मास्तरांचा धडा प्रत्येक वाक्यात अडखळत होता. दसऱ्यानंतरचा आठवडा तर ठरलेलाच. यंत्राची पूजा होते, झेंडू वाहिला जातो, पाकळी पंख्यात जाते, पंखा अडतो, मशीन तापतं आणि मालक सांगत येतो की पूजेनंतर मशीन बिघडलं, म्हणजे कुणाची तरी नजर लागली.

महेंद्र आला तो गेल्या वर्षीच्या दसऱ्यानंतरच. त्यामुळे आधी झेंडू शोधला. नव्हता.

महेंद्र मुरूडच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यातला. स्वतःची होडी आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा हातांना काम नसतं म्हणून त्याने रेकॉर्डिंगचं सामान घेतलं. गाणी बसवतो, लोक मोबाईलवर ऐकतात, त्याला बरं वाटतं. आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून, संगणक मांडीवर घेऊन तो श्रीवर्धनला आला होता.

"मशीन एकदम नवीन हाय, काका," तो म्हणाला.

"तक्रार काय आहे?"

"आवाज तुटतो. माईक बदलला, वायर बदलली, कार्ड बदलला. पनवेलचा स्टुडिओवाला बोलला, स्पीकर मोठे घ्या. घेतले. आता मोठ्यान तुटतो."

आवाज कुणाचा, हे विचारल्यावर त्याने आईचं नाव घेतलं. धर्माबाई ही त्या पट्ट्यातली धवलारीण. कोळ्यांच्या आणि आगऱ्यांच्या लग्नात मांडव, हळद, उंबरठा अशा प्रत्येक विधीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणण्याचा मान धवलारणीचा असतो. ती एक ओळ म्हणते, बाकीच्या बायका ती झेलतात. लिहिलेलं काही नसतं. त्या गावात दुसरी धवलारीण उरलेली नाही. वैशाखात महेंद्रच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा धर्माबाईने मांडवापासून पाठवणीपर्यंतचे सगळे धवले म्हटले आणि महेंद्रने ते रेकॉर्ड केले. आता तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. ऑपरेशनची तारीख कार्तिकी पौर्णिमेनंतरची मिळाली होती. गाठ निघेल, आवाजाचं सांगता येत नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"म्हनून रेकॉर्डिंग साफ पायजे," महेंद्र म्हणाला. "नंतर काय, तेच राहनार."

ह्या धंद्यातला पहिला नियम वृत्तकक्षातलाच आहे. बातमीत चूक दिसली तर ती छपाईत झाली की मूळ प्रतीत होती, हे आधी पाहायचं. तीच फाईल दुसऱ्या संगणकावर लावायची. आवाज दर वेळी वेगळ्या जागी तुटला तर दोष वाजवण्यात आहे आणि तो दुरुस्त होतो. त्याच त्याच जागी तुटला तर फाईलमध्येच भोक आहे. धर्माबाईचा आवाज माझ्या मशीनवर, फोनवर आणि शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर त्याच त्याच जागी तुटला.

मग कारण शोधायचं. इथे अडचण आली. महेंद्रच्या संगणकाला काहीही झालेलं नव्हतं. डिस्क जुनी होती, पण चालत होती. दुपारभर रेकॉर्डिंग लावून ठेवलं, एक टकही आलं नाही. मशीन उघडलं तर मासळीचा वास आला. वासावरून निष्कर्ष काढायचा नसतो. कोळीवाड्यातल्या संगणकाला अत्तराचा वास कुठून येणार. पण पंख्यात पांढरे दाणे अडकले होते. थर्मोकोलचे.

"मशीन कुठे ठेवतोस?"

"घरात."

"घरात कुठे?"

"तुमी याच ना बघायला," महेंद्र म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर शोध लावलेल्या माणसाचा अभिमान आला. हा अभिमान ह्या धंद्यात वाईट लक्षण मानतात.

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने पलीकडे गेलो. घर किनाऱ्याला लागून. ओटीवर जाळी, आत एक खोली रेकॉर्डिंगची, भिंतीला गोधड्या लावलेल्या. गोधड्या बऱ्या होत्या. दिवेआगरच्या फोमपेक्षा चांगल्या. महेंद्रने संगणक उचलला आणि कोपऱ्यातल्या एका मोठ्या पांढऱ्या पेटीत ठेवला. पेटीला तळाशी बर्फाचं पाणी जायला भोक होतं. त्यातून त्याने वायरी बाहेर काढल्या. मग झाकण बसवलं आणि झाकणावर जाळ्याचं वजन ठेवलं.

"हे काय आहे?"

"साऊंडप्रूफ."

"ही मासळीची पेटी आहे."

"धुतलेली हाय, काका. पंख्याचा आवाज माईकमधी यायचा. मोबाईलवर बघितला, लोक कंपूटर पेटीत ठेवतात. त्यांच्याकडं असली पेटी नाय. हिच्यात बरफ दोन दिस टिकतो. बरफ आत ठेवते ती, मग आवाज नाय ठेवनार?"

"आवाज ठेवते. उष्णतापण ठेवते."

"ही तर गार ठेवायची पेटी."

"आत बर्फ असेल तर गार ठेवते. आत तवा ठेवलास तर तवा गरम ठेवेल."

दारात धर्माबाई उभी होती. बुटकी, काटक बाई; आवाज घराच्या मानाने मोठा. "मी याला तवाच सांगितला व्हता," ती म्हणाली. "बोंबील ठेव नायतर कंपूटर ठेव. झाकनाखाली सगलाच नासतो."

"आये, तुला काय कलतं त्यातला?"

"तुला कललं त्याचा काय झाला, तो बघायला मानूस खाडी वलांडून आलाय."

प्रयोग करून दाखवला, कारण सांगून कुणी ऐकत नाही. झाकण लावून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि चहा घेतला. चहा संपेपर्यंत आवाज स्वच्छ होता. मग पहिलं टक आलं. मग दोन. मशीन तापलं की स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, तापलेली जुनी डिस्क एकच जागा पुन्हा पुन्हा चाचपत बसते, आणि बादली वाहू लागते. थोड्या वेळाने आवाज पायरीवर पाय चुकल्यासारखा जागोजागी पडत होता. झाकण काढलं तेव्हा आतून हमामाची वाफ यावी तशी हवा आली, बोंबलाच्या वासाची.

लग्नाचा अख्खा दिवस हे मशीन ह्या पेटीत होतं. वैशाखात.

जगात संगणक बिघडवण्याच्या अनेक रीती आहेत. घामाच्या महिन्यात, बर्फ टिकवणाऱ्या पेटीत, झाकणावर वजन ठेवून, आईचा शेवटचा आवाज धरू पाहणं ही फक्त मासळीच्या धंद्यातल्याच माणसाला सुचू शकेल अशी रीत आहे. पेटीवर त्याचा जन्मभराचा भरवसा होता. तिने त्याला कधी फसवलं नव्हतं.

महेंद्रने संगणक पेटीतून बाहेर काढला. "मग आता ते भरून कसा काढायचा?" त्याने विचारलं.

"निघत नाही. जे लिहिलंच गेलं नाही ते नाही."

"पनवेलवाला बोलला, एआयनं भरून देतो. त्यानं एक नमुना पन पाठवलाय."

नमुना लावला. पनवेलवाल्याने भोकं भरली होती. धर्माबाईच्या आवाजासारखा, पण घासून गुळगुळीत केलेला आवाज मध्ये मध्ये येऊन जात होता. वृत्तकक्षात ह्याला बनावट म्हणतात आणि करणाऱ्याला घरी पाठवतात. धर्माबाईने मान तिरकी करून ऐकलं.

"ही कोन बाय?" ती म्हणाली.

"आये, तूच हाय ती."

"मी न्हाय. ही कुनी शिकलेली हाय."

एवढ्यावर पनवेलवाल्याचं काम संपलं. त्याच्याकडे पदवी, बोर्ड आणि काचेची खोली आहे. धर्माबाईला त्याचा निकाल लावायला एक ओळ पुरली.

ह्या सगळ्या वेळात आतल्या पडवीत महेंद्रची बायको संगीता मासे साफ करत होती. कानात इअरफोन, ओठांत गुणगुणणं. ती धवले शिकत होती. इतकी वर्षं शिकली नव्हती, कारण लग्नात सून चुलीपाशी असते आणि धवले मांडवात होतात. तिला कधी पुरता एक धवला ऐकायलाही मिळाला नव्हता. गाठीचं कळल्यापासून मात्र ती वैशाखातलं रेकॉर्डिंग फोनवर घेऊन रोज ऐकत होती. धर्माबाईने तिला बाहेर बोलावलं.

"म्हन गे, ह्यांना दाखव."

संगीताने ओठातल्या ओठात मांडवाचा धवला म्हटला. शिकणारीने एवढं म्हणायला हरकत नसते. सूर चांगला होता. पण दर दोन ओळींनी ती क्षणभर अडखळत होती. श्वास तुटल्यासारखी थांबायची आणि पुढच्या शब्दावर पडायची. जिथे जिथे फाईलमध्ये भोक होतं, तिथे तिथे ती थांबत होती. टकटकीसकट पाठ केलं होतं तिने.

"उचकी लागते काय तुला?" धर्माबाई म्हणाली.

"आये, फोनमधी तसाच हाय."

"फोन काय धवलारीन हाय तुझी?"

"तुमीच फोनमधी हाव, आये."

म्हणजे परिस्थिती अशी होती : एक आवाज, तो काही दिवसांत बहुधा जाणार. एक शिकणारी, ती चूक शिकत होती. आणि एक रेकॉर्डिंग, ते चाळण झालेलं. उपाय एकच होता. धर्माबाईने पुन्हा म्हणायचं आणि ह्या वेळी झाकण उघडं ठेवायचं.

"आता म्हन," महेंद्र म्हणाला. "आता काय, मशीन सुरू हाय."

धर्माबाईने नकार दिला. धवलारणीने उघड्या गळ्याने धवले म्हणायचे ते लग्नातच. नवरी नाही, मांडव नाही, तर ते कुणासाठी म्हणायचे. हळू आवाजात म्हण, असं महेंद्रने सुचवून पाहिलं. "धवलारनीचा हलू नसतो," ती म्हणाली. चातुर्मास चालू होता, त्यात लग्न नाही. नंतरच्या मुहूर्तांपर्यंत ऑपरेशन होऊन जाणार होतं. महेंद्रने शेजारच्या गावात कुणाचं साखरपुड्याचं चाललंय, त्यांचं लग्न लवकर उरकता येईल का, अशी चौकशी सुरू केली. आपल्या रेकॉर्डिंगसाठी दुसऱ्याच्या पोरीचं लग्न अलीकडे ओढण्याचा बेत त्याने कोणतीही लाज न वाटता मांडला. मी घरातून बाहेर पडेपर्यंत तो दोन फोनही करून बसला होता.

ओटीवर मी चपला घालत असताना धर्माबाईने विचारलं, "तुलशीचा लगीन कदी हाय यंदा?"

महेंद्र फोन कानाला लावून होता. त्याने तो खाली घेतला. "आये, ती तुलस हाय."

"मग?"

"लगीन म्हंजे मानसाचा."

"मांडव घालतोस ना? उसाचा? हलद लावतोस? अंतरपाट धरतोस? भट येतो तो काय मंगलाष्टका खोट्या म्हनतो?"

"तसा न्हाय—"

"तिचा लगीन झाल्याबिगर तुझ्या पोरीचा सुदीक झाला नसता," ती म्हणाली. "तिच्यापुढं म्हनायला मला कमीपना न्हाय."

चर्चा संपली. ह्या घरात एवढ्या दिवसांत झालेला हा पहिला तांत्रिक निर्णय, जो बरोबर होता.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारीच पोहोचलो. जुनी डिस्क काढून बिनतबकडीची नवीन बसवली. इतर सगळे प्रोग्रॅम बंद केले, बादली मोठी केली, म्हणजे बफर वाढवला. संगणक मागच्या खोलीत, पिंपाशेजारी, उघड्यावर ठेवला आणि लांब वायरीने माईक अंगणात नेला. पंख्याच्या आवाजावरचा उपाय एवढाच असतो : मशीन दुसऱ्या खोलीत ठेवायचं. त्यासाठी पेटी लागत नाही. हे महेंद्रला सांगितल्यावर तो म्हणाला, "इतका सोपा असता तर मोबाईलवर सांगितला असता."

अंगणात वृंदावनाला गेरू लावला होता, चार उसांचा मांडव होता, चिंचा-आवळे होते. आळीतल्या बायका जमल्या. धवलारीण तुळशीच्या लग्नात धवले म्हणणार, ही बातमी अगोदरच फिरली होती. काहींना ती थट्टा वाटत होती. एकीने विचारलंही, "धर्माबाय, आहेर काय आणू नवरीला, पानी?" महेंद्र गल्लीतल्या पोरांना फटाके वाजवू नका म्हणून सांगत फिरत होता. त्यामुळे ज्यांचा विचार नव्हता त्यांनीही ते आणले.

दिवेलागणीला धर्माबाई वृंदावनासमोर बसली. संगीताला तिने आपल्या उजव्या हाताला बसवलं, चुलीपाशी जाऊ दिलं नाही. पहिला धवला सुरू झाला आणि थट्टा थांबली. ती तुळशीला खरंच नवरी मानत होती आणि नवरीला म्हणायचं ते सगळं म्हणत होती, एकही कडवं न गाळता. गाठ तिच्या सुरात ऐकू येत होती. वरच्या जागी आवाज जाड व्हायचा. ती थांबली नाही. बायका ओळ झेलत होत्या.

मांडवाच्या धवल्यात एक जागा अशी येते, जिथे नवरीच्या मामाचं नाव घ्यायचं असतं. तिथे पोहोचल्यावर बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तुळशीचा मामा कोण? आमच्याकडे तो मान उसाला देतात. धर्माबाईने क्षणाचाही विलंब न लावता ऊसमामाचं नाव घेतलं आणि त्याला नात्याची, मानाची सगळी विशेषणं लावली. अंगणात हशा झाला. तो हशा रेकॉर्डिंगमध्ये आहे. फटाके आहेत, कुत्रं आहे, लांब खाडीत परतणाऱ्या एका होडीचं इंजिन आहे. तुटलेली जागा एकही नाही. फाईल तिथेच बसून शेवटपर्यंत तपासली.

महेंद्रनेही ऐकली. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "काका, ते फटाके काढता येतील?"

"येतील. त्यांच्याबरोबर आईचा आवाजपण थोडा जाईल."

त्याने हिशेब केला. "ऱ्हाऊ दे मग," तो म्हणाला. ह्या कथेत त्याने घेतलेला हा एकमेव शहाणा निर्णय, म्हणून नोंदवून ठेवला आहे.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, साधी होती. आवाज मात्र गेला तो गेलाच; धर्माबाई आता जे बोलते ते पानं हलावीत तेवढंच ऐकू येतं. तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागतो. तिला ह्याचा राग येतो आणि तो राग ती हाताने दाखवते. मासळीची पेटी पुन्हा मासळीसाठी वापरात आहे आणि तिचं काम चोख करते.

ह्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच आळीत एक लग्न झालं. खरं, माणसांचं. आमंत्रण आलं म्हणून गेलो. धवले संगीताने म्हटले. घरची चूल त्या दिवशी महेंद्रने सांभाळली, आणि भात खाली लागला. संगीता चांगलं म्हणते. उचक्या सगळ्या गेल्या; नव्या रेकॉर्डिंगवरून तिने एकेक ओळ पुन्हा बसवली आहे. फक्त एक राहिली. मांडवाच्या धवल्यात मामाच्या नावाआधी ती थांबली, श्वास तुटावा तशी, आणि मग नाव घेतलं. पाठोपाठ सगळ्या बायकाही तिथेच, तितकंच थांबल्या आणि मग त्यांनी नाव झेललं.

कारण उघड होतं. तुळशीच्या लग्नात त्या जागी ऊस होता. माणूस असलेल्या मामाचं नाव कसं घ्यायचं, हे तिला फक्त वैशाखातल्या फाईलवरून शिकता आलं. तिथे तिच्या स्वतःच्या भावाचं नाव होतं, आणि त्या नावाच्या आधी तापलेल्या डिस्कने खाल्लेलं एक भोक.

लग्नाला मुंबईच्या एका कॉलेजातले प्राध्यापक आले होते. लोकगीतांवर काम करतात, खांद्याला रेकॉर्डर, गळ्यात शाल. जेवताना त्यांनी समजावून सांगितलं की मामाच्या नावाआधीचा तो विराम ह्या किनाऱ्याचं वैशिष्ट्य आहे. भरतीची लाट फुटण्याआधी क्षणभर थबकते, तिची ती लय आहे. असा विराम डोंगरातल्या गावांत सापडत नाही, असंही ते म्हणाले. ते बरोबर होतं.

"हार्ड डिस्क गरम झाली होती," मी सांगितलं.

त्यांनी मान डोलावली. लिहून काही घेतलं नाही.

जेवणं उरकल्यावर धर्माबाई मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. तिच्याजवळ जाऊन सांगितलं की ती एक चूक राहिली आहे, जुन्या फाईलमधली. संगीताला दाखवून दिली तर एका दिवसात सुधारेल. तिने खुणेने खाली वाकायला सांगितलं. कान तिच्या तोंडाशी नेला.

"मला ठावं हाय," ती कुजबुजली. "ऱ्हाऊ दे. बायका थांबल्या, की मामा जरा सरल बसतो."